फळ्यावरचे एकशे तीन

हॅगथॉर्पच्या कामगार क्लबात स्नूकरच्या टेबलावर चहा सांडला तो मी, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. त्यानंतर टेबलाचं कापड चारदा बदललं, चेअरमन तीनदा बदलले, आणि ज्या कोळसाखाणीच्या जिवावर क्लब चालायचा ती बंद होऊन तिच्यावर गवत उगवलं. टेबलाच्या खोलीत नियमांची पाटी होती. चौथा नियम: टेबलाच्या काठावर कसलंही पेय ठेवू नये. पाटी माझ्याच अक्षरात होती. सेक्रेटरी म्हणून माझ्या हातून जे काही लिखाण झालं, त्यात तेच सर्वांत जास्त वाचलं गेलं आणि सर्वांत कमी पाळलं गेलं.

१९७८ च्या मार्चमधली ती सकाळ. नऊ वाजलेले. टेबलावरच्या लांब छत्रीतला एक दिवा गेला होता. तो बदलायला मी खुर्चीवर चढलो आणि हातातला चहाचा मग ठेवला काठावर. उतरताना कोपर लागलं. मोठा मग, भरपूर दूध, तीन चमचे साखर. सगळा ऐवज तपकिरी आणि निळ्या चेंडूच्या जागांमध्ये ऐसपैस पसरला. आणि त्याच दिवशी बारा वाजता लीड्सहून टीव्हीवाले येणार होते.

घाबरलेल्या माणसाला आधी चुकीचंच सुचतं. मी बारवरचा टॉवेल आणला आणि खसाखसा पुसायला लागलो, तेही काळ्या चेंडूच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे. ज्यांना या खेळातलं कळतं त्यांनी एवढं वाचूनच डोळे मिटले असतील. स्नूकरच्या कापडाला मांजराच्या पाठीसारखी लव असते. ती एकाच दिशेने बसलेली असते आणि एकाच दिशेने विंचरायची असते. उलटा हात फिरवला की मांजर बिथरतं तसं कापडही बिथरतं. फरक इतकाच, की कापड ओरबाडत नाही. चेंडू वाकडा नेऊन सावकाश सूड उगवतं.

"क्लिफ," दारातून आवाज आला, "हात वर घे."

मी घेतले. दोन्ही.

दारात डोरीन हेप्वर्थ बादली घेऊन उभी होती. शाळेत ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची आणि माझी गणितं मागे न बघता चुकीची ठरवायची. आता अठ्ठेचाळीस वर्षांची होती. बारीक, ताठ, अंगात कायम निळ्या फुलांचा एप्रन. नवरा जॅक खाणीत होता, बारा वर्षांपूर्वी छातीत कोळशाची धूळ बसून गेला. सव्वीस वर्षं ती क्लब झाडत होती. बारचे ग्लास, सिगरेटच्या राखेच्या थाळ्या, पुरुषांचा संडास, आणि शेवटी, हात धुऊन, टेबल. आधी ब्रश, मग इस्त्री. गरम इस्त्री आधी वर्तमानपत्रावर ठेवायची. कागद पिवळा पडला तर थांबायचं. तिच्या हातून सव्वीस वर्षांत एक धागा करपला नाही.

त्या दिवशी तिने मला बाजूला सारलं, गार पाणी आणलं, डाग भिजवून टिपला, पुन्हा भिजवला, पुन्हा टिपला. वर जाड तपकिरी कागद घालून तासभर इस्त्री केली. तेवढ्या वेळात तिने मला तीन कामं सांगितली आणि तिन्ही टेबलापासून लांबची होती. साडेदहाला कापड सुकलं. आता ते सरळ चालतंय की नाही हे कळायचं, तर चेंडू मारूनच बघायला हवे होते.

इथे पाटीवरचा पाचवा नियम आडवा येत होता: बायकांनी टेबलाला हात लावू नये. हाही माझ्याच अक्षरात. झाडायला, पुसायला, इस्त्री करायला हात लागला तर तो हात नव्हे, अशी आमची समजूत होती. समजूत कशाला, सोय. आणि दुसरी सोय अशी, की काम आटोपल्यावर क्लब उघडेपर्यंत डोरीन रोज तासभर त्या टेबलावर खेळते हे मला ठाऊक होतं, आणि मी त्या वेळी हमखास तळघरात बिअरची पिंपं मोजत असे. मला ते फार मोठं मन वाटायचं. जॅकची क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी, तिने झाडूंच्या कपाटात ठेवली होती. लांब दांड्यांच्या गर्दीत आणखी एक लांब दांडी. बारा वर्षांत एकाही पुरुषाच्या लक्षात आली नाही, कारण एकाही पुरुषाने ते कपाट उघडलं नव्हतं.

टीव्हीवाले येत होते ते नेव्हिल स्टँक्लिफसाठी. नेव्हिल डोरीनच्या बहिणीचा मुलगा. बहीण गिरणीत जायची, म्हणून लहानपणी तो सकाळी मावशीबरोबर क्लबात यायचा, आणि क्यू कशी धरायची, श्वास कधी सोडायचा, हे सगळं तो तिच्याकडे शिकला. लोकांना मात्र ते त्याच्या रक्तातच आहे असं वाटे. सतराव्या वर्षी तो शहरातल्या हॉलांत खेळायला गेला आणि तेविसाव्या वर्षी व्यावसायिक झाला.

एरवी त्याला कुणी विचारलं नसतं. स्नूकर हा तोवर धुराने भरलेल्या खोलीतला, बापाने मुलाला "तिकडे फिरकू नकोस" म्हणून सांगायचा खेळ होता. मग घराघरांत रंगीत टीव्ही आला, आणि टीव्हीवाल्यांना एकाएकी साक्षात्कार झाला, की रंगीत दाखवायला हिरव्या कापडावरच्या बावीस चेंडूंसारखं स्वस्त काही नाही. पळापळ नाही, पाऊस नाही, कॅमेरा चुकला तरी माणूस तिथेच उभा. पुढे तर वसंतात शेफील्डला सतरा दिवस स्पर्धा चालायची आणि गावातल्या बायका विणकाम मांडीवर घेऊन सतरा दिवस बघायच्या. खाटकाच्या दुकानात मटणाच्या रांगेत उभं राहून, अमक्याने गुलाबी चेंडू जरा हळू मारायला हवा होता, यावर वाद घालायच्या. आमचे सभासद ते ऐकून हसायचे, कारण यातल्या एकीलाही टेबलाला हात लावायची मुभा नव्हती.

तर डोरीनने क्यू आणली आणि चहाच्या जागेवरून चेंडू सोडून पाहिले. सरळ गेले. मग ती स्वतःच्याही नकळत खेळायला लागली, आणि बाराला यायचे ते टीव्हीवाले अकरालाच आले.

त्यांचा मुख्य पेनफोल्ड नावाचा कॉर्ड्रॉयची विजार घातलेला तरुण होता. नेव्हिलची गाडी तीनला येणार असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला उत्तम, तोवर दिवे लावू, फक्त दिवे जुळवायला टेबलावर कुणी तरी खेळत राहायला हवं. या बाई आहेतच. डोरीनने माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"चाचणी आहे," मी म्हटलं. "चाचणीत काही नसतं."

"चेंडू नीट लावून दे," ती म्हणाली. "आणि गुण मांड. मांडायचे असतील तरच खेळेन."

मी लावून दिले आणि भिंतीवरच्या गुणफलकाशी उभा राहिलो. पहिल्या दोन फटक्यांत तिने अंदाज घेतला. तिसऱ्याला लाल खिशात गेला, एक गुण. मग काळा, मग लाल, मग काळा. एका दमात, चूक न करता जेवढे गुण होतील तो एक ब्रेक. आमच्या क्लबात कुणी चाळीस केले तर त्याला लोक पाजायचे. डोरीन चाळिसाला आली तेव्हा कॅमेरावाला दिवे विसरून कॅमेरा चालवत होता. साठाला आली तेव्हा चेअरमन अर्नेस्ट साइक्स दार उघडून आत आले आणि तोंड उघडून तिथेच उभे राहिले. नव्वदीत मी गुणफलकावरचा काटा दोन्ही हातांनी सरकवत होतो.

एकशे तीनवर गुलाबी चेंडू खिशाच्या ओठावर थांबला.

डोरीनने एप्रनला हात पुसले. ती हसली वगैरे नाही. तिने फक्त समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे मानाचा फळा होता; गडद लाकूड, सोनेरी अक्षरं. सगळ्यांत वरची ओळ: सर्वोच्च ब्रेक, ई. साइक्स, ९१, १९५६. दोन सभासदांनी पाहिल्याची सही केली की नाव फळ्यावर, असा रिवाज. रोज सकाळी तो फळा ती स्टुलावर चढून पुसायची. एकूण बेचाळीस नावं होती आणि तिला ती खालून वर पाठ होती.

"दोघांनी पाहिलंय," ती मला म्हणाली. "टीव्हीवर काय दाखवायचं ते दाखवू देत. मला तिथे एक ओळ पाहिजे."

नेव्हिल तीनला आला. मावशीच्या गालाला गाल लावला, बो-टाय नीट केला आणि खेळायला लागला. पण दिव्यांनी टेबल तापलं होतं, चेंडू काठाच्या गादीवरून भलतेच उसळत होते, आणि आदल्या दोन दिवसांत तो तीन गावांत खेळून आला होता. संध्याकाळपर्यंत त्याचा मोठ्यात मोठा ब्रेक झाला चोवीस. पेनफोल्ड घड्याळाकडे बघत होता. मग त्याने कॅमेरावाल्याला बाजूला घेतलं आणि दोघं हळू आवाजात काही बोलले. जाताना त्याने नेव्हिलचा फक्त चेहरा टिपला. वाकलेला, डोळे बारीक केलेला, खडू लावणारा, समाधानाने मान हलवणारा. समोर चेंडू नव्हताच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमिटी बसली. अर्नेस्ट साइक्सनी ठराव मांडला, की ब्रेक सभासदाचा नाही, सबब तो झालेलाच नाही. आणि टीव्हीवाल्यांनी सदर बाईंना दाखवू नये, क्लबाची शोभा होईल. ते म्हणाले, यात माझ्या एक्याण्णवचा काही संबंध नाही. कुणी तसं विचारलं नव्हतं. आम्ही सात जण होतो. सहा हात वर गेले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझाही गेला. आदल्या दिवशी डोरीनने सांगितल्यावर गेला होता तितक्याच चटकन.

बाहेर पॅसेजमध्ये ती गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती. मी नियमांपासून सुरुवात केली, मग रिवाज, मग जुन्या लोकांच्या भावना. ती घासायची थांबली.

"म्हणजे नाही."

"आत्ता नाही," मी म्हटलं.

"पाय उचल," ती म्हणाली, आणि माझ्या बुटाखालची फरशी पुसून घेतली. त्या दिवसापासून झाडूंच्या कपाटात एक दांडी कमी झाली.

कार्यक्रम एप्रिलमध्ये लागला. क्लबाने मुद्दाम नवा रंगीत टीव्ही घेतला होता. साठ-सत्तर पुरुष दाटीवाटीने उभे. पडद्यावर नेव्हिल वाकायचा, मग चेंडू खिशात जायचा, मग नेव्हिल मान हलवायचा. लाल, काळा, लाल, काळा, आणि मधूनमधून गुणफलक आणि काटा सरकवणारा माझा हात. शेवटी एकशे तीन. निवेदक म्हणाला, ज्या टेबलावर हा मुलगा शिकला त्याच टेबलावर.

सत्तरीच्या पुढे एका फटक्यात, पडद्याच्या कोपऱ्यात, डोळा लवतो तेवढा वेळ, निळ्या फुलांच्या एप्रनची एक नाडी लोंबताना दिसली. तो एप्रन अख्ख्या गावाच्या ओळखीचा होता. कुणीतरी खोकलं. मग बारमागचा लेन म्हणाला, पुढचा ग्लास क्लबाकडून, आणि सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं.

डोरीनने कार्यक्रम घरी, आपल्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर बघितला. तिला रंगांची गरज नव्हती. कुठला करडा म्हणजे कुठला चेंडू हे तिला जागेवरून कळायचं. सकाळी भेटली तेव्हा मी विषय टाळायला हवेबद्दल बोललो.

"एक लाल त्यांनी दोनदा दाखवला," ती म्हणाली. "मोजलं तर एकशे चार होतात."

देशात कुणीच मोजलं नव्हतं.

मग लोक यायला लागले. दूरच्या गावांहून, टेबल बघायला, काठाला हात लावायला. यायचे आणि फळ्याकडे बघून विचारायचे, इथे तर एक्याण्णव लिहिलंय, ते एकशे तीन कुठाय? अर्नेस्ट साइक्सनी महिनाभर कळ काढली. शेवटी ते मला म्हणाले, की टीव्हीवरच्या माणसाकडून हरण्यात कमीपणा नाही, आणि रंगाऱ्याला बोलवा. मी म्हटलं, नेव्हिलला विचारायला हवं. विचारलं.

"मावशीला चालणार असेल तर," तो फोनवर म्हणाला.

"चालेल म्हणाली," मी सांगितलं.

मी तिला विचारलंच नव्हतं. एवढं वाक्य मी पुढे कित्येक वर्षं कुणाजवळ बोललो नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या. एक अर्नेस्ट साइक्सची, दुसरी माझी. नव्या ओळीतल्या अक्षरांना सोनं जरा जास्तच लागलं: एन. स्टँक्लिफ, १०३, १९७८. आणि सोमवारी सकाळी डोरीनने स्टूल ओढलं आणि खालून वर फळा पुसला. बेचाळीस नावं, आणि त्रेचाळिसावं.

त्या नाताळात नेव्हिलने मावशीला भलामोठा रंगीत टीव्ही पाठवला. चौघांनी उचलून आत नेला. ती रोज बघायची. नेव्हिल वाकला की ती आधीच सांगायची, "आता लांबचा मारेल आणि चुकेल." तो मारायचा आणि चुकायचा. पण चुकीची त्याला बरीच वर्षं चांगली किंमत मिळाली. टीव्हीने त्याला मखमली नेव्हिल असं नाव दिलं. जांभळी मखमली जाकिटं आली, खोकल्याच्या गोळ्यांची जाहिरात आली, बाजारात त्याचं तोंड छापलेली जेवणाची ताटं आली. मुलाखतीत कुणी विचारलं की तो एकशे तीनची गोष्ट सांगायचा. आधी अडखळत, मग सफाईने, शेवटी शेवटी डोळे पाणावून. मला वाटतं, दहाएक वर्षांनी त्याचा स्वतःचाच त्या गोष्टीवर विश्वास बसला होता. पुढे नवी पोरं आली, टीव्हीला नवे चेहरे मिळाले, आणि जांभळं जाकीट पोटावर बसेना. आता तो समुद्रकाठच्या सुट्टीच्या छावण्यांत दुपारच्या जेवणानंतर चमत्कारिक फटके करून दाखवतो. शेवटचा खेळ असतो, 'हॅगथॉर्पचा एकशे तीन'. चेंडू आधीच सोपे मांडलेले असतात.

फळ्यावरच्या त्या ओळीचं एक गूढ होतं. बाकी सगळी नावं जुनी असून ठसठशीत; हिच्यातलं नाव मात्र फिकट होत जायचं. आकडा झगझगीत, नाव पुसट. दोनदा मला नव्याने सोनं भरून घ्यावं लागलं. दोन्ही वेळा रंगाऱ्याने कारण विचारलं आणि मी दमट हवेचं नाव सांगितलं.

एकोणतीस वर्षांनी पाचवा नियम, बायकांना टेबल बंद करणारा, गेला. ठराव एकमताने पास झाला; आमच्या क्लबात एकमत व्हायचं तर विरोधातली माणसं मरावी लागतात, आणि ती तोवर मेली होती. माझा हात याही वेळी वर होता. दुसऱ्या दिवशी दोन तरुण मुली आल्या, खेळल्या, हसल्या, वाईट खेळल्या आणि मजेत घरी गेल्या. कुणी वर मान करून बघितलंही नाही. एवढ्यासाठी आपण एवढं केलं का, असं मला वाटलं.

शुक्रवारी सकाळी डोरीन कामावर आली. सत्त्याहत्तर वर्षांची झाली होती, तरी पेन्शन पुरत नाही म्हणून आठवड्यातून दोनदा यायची. मी तिला म्हटलं, आता टेबल तुझंच आहे, खेळ. तिने डावा हात कापडावर ठेवला आणि क्यू टेकवायला बोटांची घोडी करून पाहिली. होईना. सांधे सुजून बोटं लाकडासारखी झाली होती. टेबलावर तो हात नुसता पालथा पडला. तिने तो उचलून एप्रनच्या खिशात घातला आणि स्टूल ओढलं.

ती वर फळा पुसत होती, नेव्हिलच्या नावाशी फडकं जरा जोराने फिरत होतं, आणि मी खाली उभा. मनात तीस वर्षं घोळवलेलं बोलायला एवढीच जागा मिळाली.

"डोरीन, तेव्हा मी तुझ्या नावाला सही करायला हवी होती."

तिने पुसणं थांबवलं नाही.

"आणि नेव्हिलला मी खोटं सांगितलं. तू हो म्हणालीस म्हणून."

"तो म्हणाला मला," ती म्हणाली. "त्याच नाताळात."

म्हणजे ती सगळं जाणून होती. मी रोज सकाळी तिला हवापाण्याचं विचारत होतो तेव्हाही. माझ्याकडे आता देण्यासारखं एकच उरलं होतं, ते मी घाईने देऊन टाकलं. म्हटलं, कमिटीशी बोललोय, गुरुवारी रंगारी येतोय, नेव्हिलचं नाव काढायचं आणि तिथे लिहायचं: डी. हेप्वर्थ, १०३, १९७८. अस्सल सोन्याचा वर्ख, पैसे माझे.

ती एकेक पायरी सांभाळत खाली उतरली, फडक्याची घडी घातली आणि ते माझ्या हातात दिलं.

"लिही हवं तर," ती म्हणाली, "पण उद्यापासून तो फळा तू पुसायचास."